हत्यारांची फळी

डिसेंबरचा दुसरा रविवार, कुर्ला, नेहरूनगर.
म्युनिसिपल शाळेतला सातवी ‘ब’चा वर्ग, भाडं आगाऊ.
केटरर विचारतो, किती पानं?
गेल्या वर्षी एकोणीस सांगितली, चौदा उठली.
यंदा मी बारा म्हणतो.

वैमानिकांचा मेळावा कुलाब्याला असतो,
हिरवळीवर, बर्फासकट.
आमचा हा ग्रीसवाल्यांचा:
फिटर, आर्मरर, एक स्वयंपाकी,
आणि रेडिओवाला कुट्टप्पन, जो वाशीहून येतो
आणि आल्या आल्या पंख्याचा रेग्युलेटर उघडायला बघतो.
बाकांखाली गुडघे मावत नाहीत.
फळ्यावर कालचा लसावि अर्धवट तसाच.

दर तीन मिनिटांनी डोक्यावरून विमान जातं सांताक्रूझकडे.
कानातली यंत्रं शिट्ट्या मारतात, बोलणं थांबतं.
परेरा मान वाकडी करून ऐकत राहतो शेवटपर्यंत,
मग म्हणतो, "उतरलं."
त्यानंतरच पुढचं वाक्य.

मी वही उघडतो, नावं वाचतो.
आहेत ते "हजर" म्हणतात, पोरांसारखे, थोडे ओशाळून.
नाहीत त्यांचंही नाव वाचायचं, असं एकदा ठरलं.
ज्याने ठरवलं तो मुकादम आता त्यांच्यातच गेला.
त्याचंही वाचतो.

हँगरमध्ये आमची एक फळी होती.
प्रत्येक पान्यामागे त्याचीच काळी आकृती रंगवलेली.
पाना जागेवर नसला की आकृती दिसायची,
आणि आकृती दिसली की विमान सोडायचं नाही.
इतका साधा नियम.

कुमुद जयकर खिडकीशी बसते.
कुलाब्याला बोलावतात तिला, जात नाही.
खारहून रिक्षाने इथे येते, नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन,
आणि दर वर्षी एकदाच विचारते,
"जाताना काही म्हणाला होता का हो माझा भाऊ?"
दर वर्षी मी सांगतो, "म्हणाला, आलोच."
तेच मी एकाहत्तर साली पत्रात लिहिलं होतं.
वीस वर्षांचा होतो.
अशा पत्रात काय लिहितात, ठाऊक नव्हतं.

यंदा तिने विचारलंच नाही.
डबा उघडला, वडी पुढे केली, म्हणाली,
"ठोसर, गुडघा काय म्हणतो?"
आणि मला काय झालं कोण जाणे.

मी सांगून टाकलं.
की पट्टे बांधता बांधता तो वाकला,
मी शिडीवर,
आणि त्याने पायाखालून माझा पाना वर काढला.
"ठोसर, हे खेळणं घरी ने. पायात येतंय."
बस. त्यानंतर काच बंद.
की संध्याकाळी मी फळी मोजली, तीनदा.
सव्वीसच्या सव्वीस जागेवर.
एकही काळी आकृती उघडी नव्हती.
विमान नव्हतं.

की अजून मोजतो. झोप येत नाही तेव्हा. डावीकडून.

ती हसली. वडी हातात तशीच.
"घरीही असाच खेकसायचा पायात काही आलं की.
माझी भातुकली गच्चीवरून भिरकावली होती त्याने,
पितळेची, आजोळची."
मग बराच वेळ काही नाही.
मग म्हणाली, "‘आलोच’ त्याचं नव्हे, हे कळलं होतं मला.
तो ‘येतो’ म्हणायचा."

डोक्यावरून एक गेलं.
आम्ही दोघं परेराकडे बघत राहिलो.

केटररचा पोरगा आला, म्हणाला, काका, तेरा उठली.
मी वही बघितली. बाराच.
कुमुद जयकर कधी जेवायला थांबत नाही.
आज बसली होती, आर्मरर शेलार आणि स्वयंपाक्याच्या मधे,
मठ्ठा दोनदा मागून घेतला.
जिन्यावर कठडा धरून वळली, म्हणाली, "येते."

आम्ही बाकं सरळ केली, म्हणजे ज्यांना वाकता येतं त्यांनी.
फळ्यावरचा लसावि कुट्टप्पनने मधल्या वेळात सोडवला होता.
चुकला होता.
राहू दिला.